निळे मावळे

सिंगापुरात पाया लेबारच्या एमआरटी मेट्रो स्टेशनातून बाहेर पडलं की आता अंगावर गार हवेचा झोत येतो. मॉलची दारं आपोआप उघडतात आणि आतली थंडी फुकट रस्त्यावर सांडते. मला फुकट सांडलेलं काही बघवत नाही, तरी गेल्या आठवड्यात चष्म्याच्या कामासाठी गेलो होतो तेव्हा त्या दारासमोर बराच वेळ उभा राहिलो. गळ्यात ऑफिसचे पास लटकवलेली तरुण मुलं तिथे कॉफीच्या रांगेत उभी होती. बरोबर त्याच जागेवर माझी पत्र्याची वखार होती.

वखारीला तिचा वास होता. मनिला दोरखंडाचा कोरड्या गवतासारखा वास, ग्रीसचा, कांद्याच्या पोत्यांचा, खराब व्हायला आलेल्या कोबीचा. दुपारी शेजारच्या बिस्किटांच्या कारखान्यातून भाजक्या मैद्याचा वास यायचा आणि सगळ्यांवर पांघरूण घालायचा. सर आली की पत्रा इतका वाजायचा की भाव ओरडून करावा लागे. ओरडून भाव करण्यात माझा हात कुणी धरला नसता. मी जहाजावर इंजिनरूममध्ये तेल घालणारा म्हणून सिंगापूरला आलो आणि बंदरात थांबणाऱ्या जहाजांना दोरापासून दुधापर्यंत सगळं पुरवणारा व्यापारी झालो. मधे कुणी हात दिला नाही. त्यामुळे कुणाचे आभार मानायचे राहिलेले नाहीत.

राग मात्र एका गोष्टीचा राहिला आहे. माझ्या मुलीच्या किल्ल्याला दिलेला पहिला नंबर आमच्या मराठी मंडळींनी दोन मिनिटांत काढून घेतला. पंचवीसहून जास्त वर्षं झाली. लोक म्हणतात, सोडून द्या आता. मी सोडत नाही.

मुक्ता तेव्हा चौदा वर्षांची होती. बुकित तिमाहच्या एका अमेरिकन शाळेत मी तिला घातलं होतं. आम्ही राहायचो साध्या सरकारी एचडीबी फ्लॅटमध्ये, आणि ती शिकायची महागड्या कॉन्डोतल्या मुलांबरोबर. सकाळी दोन बस बदलून जायची. शाळेतून येताना तिच्या बोलण्यात रोज नवीन काहीतरी यायचं. त्या वर्षी आलं ते अमेरिकेतलं यादवी युद्ध.

जेवताना ती सांगायची आणि माझा घास हातात राहायचा. दक्षिणेकडे कापसाची प्रचंड शेतं, आणि ती कसायला आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांची मुलं-नातवंडं, गुलाम म्हणून. उत्तरेत गुलामी बंद होत गेलेली. देश पश्चिमेकडे वाढत चाललेला. दर नव्या राज्यापाशी एकच भांडण, इथे गुलाम ठेवायचे की नाही.

"मग भांडण सोडवायचे कसे?" मी विचारलं.

"कॉम्प्रोमाइज, बाबा. नकाशावर लाइन मारायची. लाइनच्या खाली चालेल, वर नाही. एक राज्य तुमचं, एक आमचं. मग परत नवीन कॉम्प्रोमाइज. त्यात असं पण होतं की पळून उत्तरेत आलेला माणूस पकडून परत द्यायचा."

"म्हणजे सौदा."

"चाळीस वर्षं सौदाच चालला होता."

सौदा म्हटल्यावर मला ते युद्ध कळायला लागलं. मी तिला विचारलं, सौद्यात विकणारा कोण, घेणारा कोण, माल काय. ती आमटीची वाटी बाजूला ठेवून म्हणाली, "माल म्हणजे माणसंच ना. त्यांना कुणी विचारतच नव्हतं. टेबलावर दोन्ही बाजूंना दुसरेच लोक."

मी म्हटलं, "मी काय वेगळा होतो? पहिल्या जहाजावर पासपोर्ट कप्तानाच्या कपाटात, आणि मी खाली इंजिनपाशी दिवसरात्र. मीही गुलामच."

"तुम्हाला पगार होता, बाबा. कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर तुम्ही उतरलात. आणि मला कुणी विकलं नाही."

मी ताटावरून उठलो. मला राग आला, आणि तिचं बरोबर होतं म्हणून जरा जास्तच आला. बायको मुक्ताला हळूच म्हणाली, "त्यांना जेवू तरी द्यायचं होतंस." मुक्ता इथल्या मुलांसारखं शेपूट लावून म्हणाली, "ममा, ही स्टार्टेड इट, लाह." तिच्या त्या उत्तराचा मला आतून अभिमान वाटला होता. तेव्हा मी तो दाखवला नाही.

ते धुराचं वर्ष होतं. सुमात्रातली जंगलं जळत होती आणि आमच्यावर धूर येऊन बसला होता. सूर्य जुन्या तांब्याच्या पैशासारखा दिसायचा. दोरीवरच्या कपड्यांना जळक्या लाकडाचा वास लागायचा, आणि दिवाळीच्या फराळालाही. चकली तोंडात टाकली की वाटायचं चुलीवरची आहे.

आमच्या मंडळींनी त्या दिवाळीला पहिल्यांदाच मुलांची किल्ल्यांची स्पर्धा ठेवली. चिखलमातीचा किल्ला, त्यावर हळीव-मोहरी पेरून उगवलेली हिरवळ, पायऱ्यांवर मावळे, वर सिंहासनावर महाराज. इथे वाढलेल्या मुलांना हे सगळं ठाऊक असावं, हा हेतू चांगलाच होता. मुक्ताने घरी येऊन सांगितलं की ती किल्ला करणार, पण समटरचा.

"कुठे आला हा?"

"चार्ल्सटन बंदराच्या तोंडाशी. समुद्रात. युद्ध तिथेच सुरू झालं. गुलामी पुढे पसरू देणार नाही म्हणणारा प्रेसिडेंट निवडून आला, म्हणून दक्षिणेची राज्यं देश सोडून निघाली. सगळीकडचे किल्ले त्यांनी घेतले, हा एवढा राहिला. मग किनाऱ्यावरून तोफा डागल्या."

समुद्रातला किल्ला म्हटल्यावर माझ्यातला कोकणातला माणूस विरघळला. माती मीच आणली. पाया लेबारला एका ठिकाणी गटाराचं खोदकाम चालू होतं. तिथल्या मुकादमाशी घासाघीस करून एक ड्रम तेल देऊन लाल मातीची गाडी भरून घेतली. वखारीतच किल्ला उभा राहिला, लाकडी फळ्यांच्या मोठ्या तराफ्यावर, म्हणजे उचलून नेता यावा. खाली विटा, वर पोती, त्यावर चिखल. ओल्या लाल मातीचा वास आणि मनिला दोराचा वास एकत्र झाले की काय होतं, ते मला शब्दांत सांगता येणार नाही. आजही कुठे बागेत कुंडी भरत असले की मी थांबतो.

पुण्याहून परत येणाऱ्या एका कुटुंबाने वर्तमानपत्रात गुंडाळून मावळे आणून दिले होते. मुक्ताने त्यांतले निम्मे निळे रंगवले, निम्मे करडे. उत्तरेचे निळे, दक्षिणेचे करडे. पगड्या आणि मिशा तशाच राहिल्या. निळ्या डगल्यातला, पगडीवाला, ढाल घेतलेला मावळा किल्ल्याच्या तटावर उभा राहिला तेव्हा आम्ही दोघं खूप हसलो. किनाऱ्यावर तिने हळीव पेरले आणि मधूनमधून आईच्या वातींच्या कापसाचे गोळे खोचले. ते कापसाचं शेत. त्या शेतात, मावळ्यांबरोबर आलेल्या गावातल्या बाहुल्या. पाटीवाली, नांगरवाला, कडेवर मूल घेतलेली बाई.

मग ती माझ्याकडे लेबलं मागायला आली. मालाला दोऱ्याने बांधायची पुठ्ठ्याची बारकी लेबलं असायची माझ्याकडे. मी खिशातून पेन काढलं आणि सवयीने विचारलं, "काय लिहू?"

"काही नको. कोरं ठेवा. घेणारा म्हणेल तो भाव."

ती एकेका बाहुलीच्या गळ्यात कोरं लेबल बांधत गेली. कडेवर मूल घेतलेल्या बाईला तिने दोन बांधली, मुलाला वेगळं. मी आयुष्यभर लेबलं लिहिली आहेत, हजारोंनी असतील. त्या संध्याकाळी वखार बंद करताना मी त्या तराफ्याकडे पाठ करून कुलूप लावलं.

स्पर्धा होती साठेसाहेबांच्या कॉन्डोत, पोहण्याच्या तलावाशेजारच्या हॉलमध्ये. साठेसाहेब मंडळाचे अध्यक्ष, बँकेत मोठ्या हुद्द्यावर. मला ते नेहमी "काय शेठ" म्हणत. त्यांच्या तोंडी तो शब्द कसा यायचा, ते ऐकणाऱ्यालाच कळावं. हॉलमध्ये अत्तर, उदबत्ती आणि एअरकंडिशनरचा मिळून वास होता. एकजात सगळे डोंगरी किल्ले, राजगड, प्रतापगड, रायगड. एका किल्ल्यावर मोटरने पाणी वाहत होतं. तो साठ्यांच्या धाकट्याचा, त्यांच्या ड्रायव्हरने आणि इंजिनियर भावाने केलेला. एकटा आमचाच किल्ला निळ्या ताडपत्रीच्या समुद्रात.

परीक्षक होते साठेसाहेबांचे सासरे. पुण्याहून लेकीकडे आले होते. धोतर, काळी टोपी, गोड माणूस. ते आमच्या तराफ्यापाशी आले आणि त्यांचे डोळे भरून आले.

"सिंधुदुर्ग. अगदी तटाची वळणं सुद्धा. शाब्बास, बाळ."

मुक्ताने बाजूला इंग्रजीत लिहिलेला पुठ्ठा ठेवला होता, पण आजोबांचा चष्मा लांबचा होता. ती काही बोलणार तेवढ्यात ते पुढे गेले. कुणीतरी विचारलं, मावळे निळे का. दुसरा म्हणाला, "शेठच्या गोदामात जहाजाचा रंग उरला असेल." लोक हसले. माझी कानशिलं तापली, पण मी गप्प बसलो, कारण बक्षीस आमच्याकडे येतंय हे मला दिसत होतं.

आलंही. माइकवरून जाहीर झालं, पहिला क्रमांक, सिंधुदुर्ग. टाळ्या झाल्या. मुक्ता स्टेजवर गेली, आजोबांच्या पाया पडली, आणि माइकपाशी जाऊन म्हणाली, "आजोबा, थँक्यू. पण हा सिंधुदुर्ग नाही. मी सांगू का कुठला आहे?"

आणि तिने सांगितलं. अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत, न अडखळता. हॉलमध्ये आधी कुजबुज झाली, मग मागून एक काकू स्पष्ट म्हणाल्या, "दिवाळीच्या किल्ल्यावर अमेरिका कशाला?" साठेसाहेबांनी कप हातातच ठेवला आणि मला खुणेने बाहेर बोलावलं.

तलावाच्या कडेला धुरात दिवे पिवळे दिसत होते. साठेसाहेब व्यवहाराचं बोलले. "शेठ, पोरगी हुशार आहे. मुलांचं मन मोडायचं नाही आपल्याला. आपण असं करू. महाराजांची एक मूर्ती आहे माझ्याकडे, ती वर ठेवू. भगवा लावू. आणि ती लेबलं तेवढी काढा, दुकान वाटतंय. सिंधुदुर्ग म्हणून फोटो काढू, कप तुमचा. पुढच्या गणपतीच्या जेवणाचं सगळं सामानही तुमच्याकडूनच घेऊ."

सौदा वाईट नव्हता. खरं सांगतो, मी धंद्यात याच्यापेक्षा पडते सौदे हसतहसत केलेले आहेत. मी म्हटलं, मुलीला विचारतो.

मुक्ता हॉलच्या दारातच उभी होती. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, कॉम्प्रोमाइजमध्ये दोघांनी थोडं थोडं सोडायचं असतं ना? अंकल काय सोडतायत?"

मी हिशेब केला. कप आधीच आम्हाला जाहीर झालेला होता. महाराजांना आम्ही घरी रोज हात जोडतो, त्यांना वर बसवायला आमची कधी ना नव्हती. पण या किल्ल्यावर बसवलं की किल्ला खोटा, आणि त्यांच्या नावाने खोटं उभं करायचं. आणि लेबलं काढली की उरतात नुसते दोन रंगांचे मावळे, उगाच एकमेकांवर तोफा रोखून उभे. भांडण कशाचं होतं, तेच नाहीसं होत होतं. बाहुल्यांचं काय करायचं ते आम्ही दोघं पुरुष पोहण्याच्या तलावाशी उभे राहून ठरवत होतो.

मग माझा आवाज चढला. मी साठेसाहेबांना काय काय म्हणालो ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. एवढं आठवतं की शेवटी म्हणालो, "या लेबलांवर मी भाव लिहिला नाही, आणि तुम्ही सुद्धा लिहायचा नाही." हॉलमधल्या सगळ्यांना ऐकू गेलं. कप मोटरवाल्या प्रतापगडाला गेला. आम्ही तराफा उचलला, माझ्या वखारीतली सहा माणसं लागली, आणि माझ्या लॉरीत घालून पाया लेबारला परत आणला. आजोबा तेवढे लॉरीपर्यंत चालत आले होते. मुक्ताच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "मला आधी विचारायला हवं होतं, बाळ." बाकी कुणी आलं नाही. त्यानंतर मी त्या हॉलमध्ये पाऊल ठेवलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाडवा. जहाजं पाडवा पाळत नाहीत, म्हणून वखार उघडी होती. माल न्यायला महादेवकाका आले. दाभोळचे, एका मालवाहू जहाजावर सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम. बरोबर त्यांचे चारपाच लोक, रत्नागिरीकडचे दोन, एक फिलिपिनो, एक बर्मी. किल्ला बघितल्यावर सगळे त्याच्याभोवती जमले. मुक्ता नवी ओढणी घेऊन कांद्याच्या पोत्यावर बसली होती, हिरमुसलेली.

महादेवकाका म्हणाले, "बंदराच्या तोंडावर बांधलाय. शहाण्याने बांधलाय. कुठला गो?"

बस, एवढाच प्रश्न. मुक्ता पोत्यावरून उतरली. तिने चारही वर्षांचं युद्ध त्यांना सांगितलं, मराठीत, मग त्या दोघांसाठी इंग्रजीत. समटर पडला तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं दोनचार महिन्यांत आटपेल. आटपलं नाही. ती मावळे उचलून सरकवत होती. करडे वर चढले, निळ्यांनी त्यांना उत्तरेत थोपवलं. नदीवरचा त्यांचा किल्ला वेढा घालून उपाशी पाडला. मधेच प्रेसिडेंटने जाहीर केलं की बंड केलेल्या राज्यांतले गुलाम आता मोकळे. मग शेतातली माणसंच निळे डगले घालून लढायला आली.

आणि तिने एका सुकाण्याची गोष्ट सांगितली. चार्ल्सटन बंदरात करड्यांचं एक वाफेचं जहाज, सुकाणू धरणारा गुलाम. एकदा गोरे अधिकारी रात्री किनाऱ्यावर गेले असताना याने जहाज सोडलं, दुसऱ्या धक्क्यावरून बायकापोरांना घेतलं, कप्तानाची गवती टोपी डोक्यावर ठेवली, आणि पहाटेच्या आधी समटरच्या तोफांखालून बाहेर काढलं.

खलाशांचा जीव टांगणीला लागला. "आणि सिग्नल?" महादेवकाकांनी विचारलं.

"शिट्टीचा होता. तो रोज ऐकत होता ना, त्याला पाठ होता. तोच दिला."

"घाई केली नसेल त्याने," एक जण म्हणाला. "घाई केली की संशय येतो."

"ओहोटी धरून निघाला असेल."

"सेम स्पीड, एव्हरीडे स्पीड," फिलिपिनो म्हणाला, आणि दोन बोटांनी डोक्यावरच्या टोपीची कड खाली ओढून दाखवली.

"पोरं रडली असती तर?" बर्मी खलाशाने विचारलं. त्याचं कुटुंब त्याने चार वर्षांत पाहिलं नव्हतं.

"पुढे त्याचं काय झालं?" मी विचारलं. मला ही गोष्ट तिने सांगितलेली नव्हती.

"त्याच जहाजाचा कॅप्टन झाला, बाबा. आणि नंतर ज्या घराच्या आवारात गुलाम म्हणून जन्मला, ते मालकाचं घर त्याने विकत घेतलं."

मी दोरखंडाच्या गुंडाळीवर बसलो. असा सौदा मला आयुष्यात जमला नाही, आणि कुणाला जमला असेल असं वाटतही नाही.

शेवटी तिने वखारीतली कात्री मागितली आणि बाहुल्यांच्या गळ्यातले दोरे एकेक करून कापले. आईचा आणि कडेवरच्या मुलाचा शेवटी. पत्र्यावर तेव्हा पाऊस नव्हता, बिस्किटांचा वास यायला लागला होता, आणि आम्ही सहा पुरुष कात्रीचा आवाज ऐकत होतो. मग ती म्हणाली, "काका, दिवाळी झाली की किल्ला मोडायचाच असतो. तुम्ही एकेक मावळा जहाजावर न्या."

सगळ्यांनी निळे उचलले. रत्नागिरीच्या पोराने तर दोन. करडे तसेच पडून राहिले.

"ते पण न्या," मुक्ता म्हणाली. "नाहीतर स्टोरी अर्धीच जाईल."

महादेवकाकांनी आपला निळा खाली ठेवून एक करडा उचलला. डगल्यावरचा रंग नखाने खरवडून बघितला. "हा माझ्या केबिनमध्ये. याला रोज विचारीन, कशासाठी लढलास रे बाबा."

"तो म्हणेल, आमच्या राज्यांच्या हक्कासाठी."

"कसला हक्क?"

"तेच विचारायचं, काका. तो गप्प बसेपर्यंत विचारायचं."

ते जहाज त्याच आठवड्यात गेलं. लाल माती मी वखारीमागे पसरली, त्यात हळीव बरेच दिवस उगवत राहिले. मग जागेचा भाडेपट्टा संपला, पत्रे उतरले, आणि मी जागा सोडली ती चांगला मोबदला वसूल करूनच.

गेल्या आठवड्यात त्या मॉलच्या दारात मी इतका वेळ उभा राहिलो की पहारेकरी जवळ आला. तरुण होता, अदबीने बोलला. "अंकल, काही शोधताय?"

"नाही, लाह. माझी मुलगी इथे शिकवायची."

त्याने वर काचेच्या इमारतीकडे बघितलं. "इथे आधी शाळा होती?"

"होती," मी म्हटलं.